घोडनदीची पेटी, दौंडची गिटार

आमच्या घरात गळ्यातून गाणारं कुणीच नव्हतं. तरीही आमच्या पिढीला जी गाणी तोंडपाठ आहेत ती सगळी त्या घरानंच दिली. घोडनदीला मोठे काका पेटी वाजवायचे, दौंडला नानाकाका गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायचे, आणि आम्ही चुलत-आते-मावस भावंडं समोर सतरंजीवर बसून ऐकायचो. गाण्याचे शब्द मोठ्यानं म्हणायचे नाहीत, हा अलिखित नियम होता. वाजवणारा सूर देणार, शब्द ज्यानं त्यानं आपल्या मनात म्हणायचे. आज आम्ही भावंडं साठी-सत्तरीत आहोत. एकत्र जमलो की दोन तासांच्या आत नानाकाकांच्या गिटारीचा विषय निघतो, आणि प्रत्येकाची आठवण थोडी वेगळी निघते. ताईला त्यांचा 'महल' आठवतो, दादाला 'नागिन', मला 'अनारकली'.

घोडनदी म्हणजे शिरूर. पुणे-नगर रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव. १ जून १९४८ ला एस. टी. ची पहिली गाडी नगरहून पुण्याला गेली ती याच रस्त्यानं. आजोबांनी ती गावातून जाताना पाहिली होती, आणि पुढं कितीही गाड्या धावल्या तरी त्या एका गाडीचं वर्णन ते नव्या उत्साहानं करायचे. दौंडचं सगळंच निराळं. गाव रेल्वेचं. सोलापूर-मद्रासकडे जाणारी मोठी लाइन, १८७८ साली सुरू झालेली मनमाडची लाइन आणि बारामतीची नॅरोगेज, तिन्ही तिथं एकत्र यायच्या. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीला दौंडात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं, म्हणून गाडी तिथं चांगली रेंगाळायची. घोडनदी आणि दौंड एकाच जिल्ह्यात, शेजारशेजारच्या तालुक्यांत, पण मधे रेल्वे नाही. न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून चौफुला, तिथून पाटसवरून दौंड असा एस. टी. चा प्रवास. चौफुल्याला संगीत बारीची थिएटरं होती. गाडी तिथं थांबली की ढोलकी ऐकू यायची का, म्हणून आम्ही खिडकीतून कान बाहेर काढायचो आणि काकू आम्हाला आत ओढायची.

नानाकाका दौंडला रेल्वेत सिग्नलर होते, म्हणजे तारबाबू. दिवसभर टकटक ऐकायची आणि कागदावर अक्षरं उतरवायची. पलीकडच्या स्टेशनावर आज कुणाची ड्यूटी आहे हे त्यांना नुसत्या ठोक्यांच्या लकबीवरून कळायचं, असं ते सांगायचे. एवढा तयार कान नोकरीनंच घडवला होता. रेल्वे कॉलनीत तेव्हा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोव्याकडचे गार्ड, तमिळ आणि तेलुगू फिटर, आमच्यासारखे मराठी बाबूलोक असे सगळे शेजारी-शेजारी राहत. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाताळात नाच व्हायचा, गणपतीत गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा, आणि दोन्हीकडे वाजवणारी माणसं बरीचशी तीच असत. त्यांपैकी एक गार्डसाहेब हवाईयन गिटार वाजवायचे. नानाकाका त्यांच्याकडे आधी नुसतं ऐकायला आणि मग शिकायला जाऊ लागले. पुढं त्या गार्डसाहेबांचं कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा सामान विकताना त्यांनी ती गिटार आमच्या काकांना दिली. पैसे घेतले की नाही यावर आमच्यात आजही एकमत नाही.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. दिसायला ती साधी गिटारच. पण मानेच्या टोकाशी एक उंच पट्टी बसवून तारा पडद्यांपासून चांगल्या वर उचललेल्या असतात, त्यामुळं बोटानं तार दाबून ती वाजतच नाही. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरायची आणि ती तारांवर टेकवून सरकवायची. पडदे फक्त खुणेपुरते. कांडी बरोबर पडद्याच्या रेषेवर आली तर सूर लागतो, केसभर इकडंतिकडं झाली की बेसूर. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. तारा अशा जुळवतात की मोकळ्या छेडल्या तर सा-ग-प असा भरलेला मेळ ऐकू यावा. कांडीच्या मागं डाव्या हाताची उरलेली बोटं तारांवर हलकी पडलेली ठेवावी लागतात, नाहीतर मागच्या बाजूनं खरखर येते. नानाकाकांच्या मते शिकायची सगळी मेहनत या मागच्या बोटांची. सूर लावायला वर्ष पुरतं, खरखर घालवायला दहा लागतात, असं ते म्हणायचे.

हे वाद्य इथं आलं कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या एका शाळकरी मुलानं गिटारच्या तारांवर पोलाद सरकवून वाजवायची रीत रूढ केली, असं मानतात. तिथून ती अमेरिकेत पसरली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी पहिली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली ती हीच, मांडीवर आडवी ठेवायची. हवाईचे वादक दौरे करत आपल्याकडेही आले. ताउ मो हे हवाईयन संगीताचे मोठे वादक १९४० च्या दशकात काही वर्षं कलकत्त्यात राहिले. पुढं बंगालनं हे वाद्य जितकं आपलं केलं तितकं दुसऱ्या कुठल्या प्रांतानं केलं नाही. तिथं घरोघरच्या मुली रवींद्रसंगीत हवाईयन गिटारवर शिकत. काझी नजरुल इस्लामांचे धाकटे चिरंजीव काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली, बटुक नंदी ही नावं आमच्या घरात रेडिओमुळं रोजच्या ओळखीची होती. मुंबईकडचे म्हणजे हजारा सिंग आणि व्हॅन शिपले. शिपले मूळचे लखनौचे, मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकलेले, सिनेसृष्टीत व्हायोलिनसाठी नावाजलेले. त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारच्या रेकॉर्डवर अॅकॉर्डियन असायचं ते इनॉक डॅनियल्स यांचं. डॅनियल्स पुण्याचे. त्यामुळं ती रेकॉर्ड लागली की नानाकाका गिटारकडं कान लावून बसायचे आणि मोठे काका अॅकॉर्डियनकडं. "आपल्या पुण्याचा माणूस" असं म्हणताना मोठ्या काकांचा ऊर भरून यायचा. त्यांच्या लेखी अॅकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवलेली पेटीच होती.

हे सगळं कानावर आलं रेडिओमुळं, आणि त्यातही सिलोनमुळं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांना शास्त्रीय संगीताची मनापासून तळमळ होती, त्याचं मोल मला आज कळतं. पण तेव्हा सगळा देश काटा फिरवून रेडिओ सिलोनवर गेला, त्यात आमचं घरही गेलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली तेव्हा गाणी परत आली, पण सिलोनची सकाळ काही सुटली नाही. तिथं सकाळी सिनेमातल्या गाण्यांच्या नुसत्या धुना लागत. गिटार, सतार, बासरी, अॅकॉर्डियन, पियानो, माउथ ऑर्गन. शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा वरखाली व्हायचा, मधेच पार बुडायचा. नानाकाका तेव्हा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे, जणू आमच्या बोलण्यानंच सिलोन लांब जात होतं.

आता काकूच्या वहीबद्दल. माझ्या मते आमच्या घरातलं खरं गाणं त्या वहीत होतं. नानाकाकांचा एक नियम होता: ज्या गाण्याचे शब्द पूर्ण ठाऊक नाहीत ते गिटारवर वाजवायचं नाही. मग शब्द कोण मिळवणार? काकू. ती केडगावच्या बाजूची, तिच्या माहेरी हिंदी चांगलं होतं. रेडिओवर गाणं लागलं की ती कणकेचे हात तसेच ठेवून बोरूसारखी घट्ट पेन्सिल धरून लिहायला बसायची. एका वेळी ध्रुवपद आणि पहिलं कडवं हाती लागायचं. दुसरं कडवं पुन्हा केव्हातरी गाणं लागेल तेव्हा. एखादा उर्दू शब्द कळला नाही की जागा कोरी. ती कोरी जागा घेऊन ती कॉलनीतल्या एका मुसलमान फायरमनच्या बायकोकडे जायची, अर्थ विचारायची, आणि परतताना बरोबर एखादी रेसिपीही घेऊन यायची. अशी एकेका गाण्याची वाट महिनामहिना बघितली जायची. गाणं पुरं झालं की पानाच्या डोक्यावर सिनेमाचं नाव, संगीतकार, गायिका, आणि खाली काकांच्या हातच्या खुणा.

त्या खुणांतच वादनाचं मर्म होतं, हे मला फार उशिरा उमगलं. प्रत्येक अक्षराला तारेवर एकच आघात. ते अक्षर गायिकेनं लांबवलं असेल तर पुन्हा तार छेडायची नाही, पहिल्याच आघातावर कांडी सरकवत तो सूर पुढं न्यायचा. 'महल'मध्ये लताबाई एखादा सूर लांबवतात तेव्हा त्या तो सुटा सुटा म्हणत नाहीत, एका श्वासात वळवतात. गिटारनंही तेच करायचं. म्हणून वहीत शब्दांच्या वर उभ्या रेघा म्हणजे आघात, आडव्या वळणदार रेघा म्हणजे मींड, आणि जिथं गायिका श्वास घेते तिथं स्वल्पविरामासारखी खूण. त्या श्वासाच्या जागी काका कांडी तारेवरून क्षणभर उचलायचे. लताबाईंनी जिथं श्वास घेतला तिथंच दौंडच्या क्वार्टरमध्ये गिटारही श्वास घ्यायची. शब्द आम्हाला ऐकू येत, याचं कारण हे. नुसती चाल वाजवणारे पुष्कळ असतात. त्यांच्या वाजवण्यात गाणं ओळखू येतं, पण शब्द ऐकू येत नाहीत.

पहिल्या काही वर्षांत ती गिटार साधीच होती. मग काकांनी मुंबईहून एक पिकअप आणला. अॅम्प्लिफायर परवडण्यासारखा नव्हता. पण त्या काळातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागच्या बाजूला ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असायची. काकांनी गिटारची वायर त्यात घातली. आवाज बेताचाच यायचा, पण यायचा रेडिओतून! ज्या डब्यातून काझी अनिरुद्ध आणि व्हॅन शिपले ऐकू यायचे त्याच डब्यातून आमचे काका ऐकू येऊ लागले. आम्ही मुलांनी शेजारच्या मुलांना सांगितलं की आमचे काका रेडिओवर वाजवतात, आणि ते खोटं आहे असं आम्हाला मुळीच वाटत नव्हतं.

दिवाळीला दौंडचं कुटुंब घोडनदीला यायचं. गिटार पोत्यात गुंडाळून एस. टी. त मांडीवर. घोडनदीच्या वाड्यात मोठ्या काकांची पेटी होती, दर गुरुवारच्या भजनाला साथ करणारी. आकाशवाणीनं १९४० पासून पुढं तीसेक वर्षं पेटीवर बंदी घातली होती, कारण तिचे सूर ठरलेले आणि तिच्यातून मींड निघत नाही. मोठ्या काकांना हा आक्षेप ठाऊक होता आणि तो त्यांच्या मनाला लागलेला होता. पी. मधुकरांच्या पेटीच्या रेकॉर्ड लावून ते म्हणायचे, "आता सांगा, कुठं अडलं?" आणि इथं धाकटा भाऊ मींडीचंच वाद्य घेऊन दारात उभा. दोघं एकत्र बसले की पहिला अर्धा तास जुळवण्यात जायचा. पट्टी पेटीची, कारण पेटीला जुळवून घेता येत नाही. सा जुळायचा, प जुळायचा, पण गंधार भांडायचा. पेटीचा गंधार किंचित चढा असतो, आणि नानाकाकांनी तारा कानानं जुळवलेल्या असल्यामुळं त्यांचा गंधार जागच्या जागी, शांत. दोन्ही एकदम वाजले की सुरात थरथर उठायची. दिवाळीच्या एका रात्री आमच्या लक्षात आलं की मोठे काका गंधारावर येताच पेटीवरचं बोट हलकेच उचलून घेतात आणि तो सूर धाकट्या भावाला देऊन टाकतात. दोघांत त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. त्यांच्या वाजवण्यातला हा रिवाज मग शेवटपर्यंत टिकला.

तिथं सिनेमाची गाणी कमी वाजायची. जास्त करून 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीनं आठवड्याला एक याप्रमाणे ते ऐकवलं तेव्हा आम्ही काही जण जन्मलोही नव्हतो, पण छप्पन्न गाण्यांतली निम्मी तरी आम्हाला आधी पेटी-गिटारवर कळली आणि शब्द मागून. बाबूजींच्या चालींत प्रत्येक शब्द स्पष्ट, म्हणून नानाकाकांना त्या वाजवायला सोप्या जायच्या. आजीचं मात्र तंत्र वेगळंच. ती जपमाळ ओढत कोपऱ्यात बसायची आणि कुठल्याही चालीवर तुकोबांचा अभंग बसवायची. एकदा शंकर-जयकिशनची प्रेमाची धून चालू असताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईनं विचारलं, तर म्हणाली, पंढरीची वाट दिसली. शब्द बोलायचे नाहीत हा नियम किती शहाणपणाचा होता! आजीला त्या सुरांत पंढरी, कॉलेजात जाणाऱ्या आत्याला आणखी काही, आम्हा पोरांना फटाके. एकाच खोलीत एकच सूर, आणि कुणाचं कुणाला अडत नव्हतं. ज्या घरात मोठ्यांसमोर प्रेमाचं गाणं गुणगुणलं तरी भुवया उंचावत, त्याच घरात ते गाणं सगळ्यांसमोर, आजोबांसमोरसुद्धा, अख्खं वाजत होतं.

धून वाजवणाऱ्यांना संगीतात कमी लेखायची पद्धत आहे. शास्त्रीयवाल्यांना ती नक्कल वाटते, सिनेमावाल्यांना मधला वेळ भरायची सोय. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड आली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची हीच मांडीवरची गिटार. काब्रांनी या वाद्यावर राग मांडला. पुढं विश्वमोहन भट्टांनी आपल्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी मिळवून दिलं. या थोर माणसांपुढं मी हात जोडते. पण त्यांच्या तेजात त्या हजारो घरगुती वादकांना विसरणं मला मान्य नाही. दुसऱ्याचं गाणं श्वासासकट आपल्या हातात उतरवायला जो कान लागतो, जो संयम लागतो, तो कुठल्याही रियाजाइतकाच खरा आहे. नानाकाकांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' पुन्हा पुन्हा ऐकली, एका पुण्याच्या स्नेह्यांच्या घरी, तीही खास जाऊन. परत आल्यावर म्हणाले, "हे वेगळं. हे त्यांचं." आणि वही उघडून सलील चौधरींचं अर्धं राहिलेलं गाणं पुढं घेतलं. त्यात कमीपणा नव्हता. आपलं काम कोणतं हे त्यांना ठाऊक होतं.

इंग्रजी धुना ते वाजवायचे त्या फक्त दौंडात. 'स्लीप वॉक' त्यांना फार आवडायची. १९५९ साली सँटो आणि जॉनी या दोन भावांनी ती अमेरिकेत केली, एकाची स्टील गिटार, दुसऱ्याची साथीची. त्यातही दोन भाऊ, हे सांगताना काकांना आनंद व्हायचा. दुसरी 'अलोहा ओए', हवाईच्या राणी लिलिउओकलानींनी १८७८ साली केलेली, निरोपाच्या वेळी वाजवायची. दौंडातून अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघाली त्या वर्षांत इन्स्टिट्यूटमधल्या निरोपसमारंभात ती नानाकाकांनी किती वेळा वाजवली असेल! ज्यांनी वाद्य शिकवलं त्यांनाच त्यांचीच धून वाजवून निरोप द्यायचा. दादा एका निरोपाला हजर होता. तो सांगतो की नाचाच्या हॉलमध्ये त्या दिवशी कुणी नाचलं नाही, आणि ज्या बाई निघाल्या होत्या त्यांनी काकूला आपलं शिवणयंत्र दिलं. ते यंत्र पुढं आमच्या सगळ्या बहिणींच्या फ्रॉकांना पुरलं.

ऐंशीच्या दशकात छोटे कीबोर्ड आले. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात एका बटणावर 'हवाईयन गिटार' असं लिहिलेलं असायचं आणि ते दाबलं की तसला आवाज निघायचा, मींडीवाचून. हळूहळू कांडी सरकवणारे हात दिसेनासे झाले. नानाकाका निवृत्त होऊन घोडनदीला आले, मोठ्या काकांबरोबर आणखी बरीच वर्षं वाजवत राहिले, आणि दोघंही आपापल्या वेळेला गेले.

गेल्या दिवाळीत दादाच्या नातीनं हट्ट धरला. तिनं साध्या गिटारीला तारा उचलणारी पट्टी बसवून घेतली आहे, ती पट्टी पुण्यात वाद्यांच्या दुकानात आजही थोडक्या पैशांत मिळते. कांडी मिळाली, नख्या मिळाल्या. सूर अजून इकडंतिकडं पळतो, मागची खरखर आहेच. तिनं 'महल' काढायला घेतलं तेव्हा ताईनं तिला बजावलं की आधी शब्द. काकूची वही माझ्याकडे आहे. उघडली तर नेमकं त्या गाण्याचं दुसरं कडवं असलेलं पान अर्धं फाटलेलं. फोनवर शोधून देते म्हणाली पोरगी, पण आम्ही तिला थांबवलं. आम्हीच सांगतो म्हटलं. ताईनं एक ओळ सांगितली, दादानं दुसरीच, आणि आत्यानं, जी आता पंच्याऐंशीची आहे, दोघांनाही चूक ठरवलं. जेवणाची पानं वाढून झाली तरी वाद मिटेना. शेवटी आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा आम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं गाऊन दाखवलं, आणि पोरीनं तिच्या प्रत्येक श्वासाला वहीत खूण केली.